भरलेला डबा परत गेला तेव्हा

"जगात राहायचं पण जगाचं व्हायचं नाही, हे जमवायचं कसं?" ख्रिस्ती तरुणांचा हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतो तो बहुतेक गणपती ते नाताळ या दिवसांत. ऑफिसात आरती असते, सोसायटीत वर्गणी असते, शेजारून प्रसाद येतो. सुहासची (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) गोष्ट त्यातलीच.

त्याला घेऊन आली त्याची आई. घर पुण्यात वडगाव शेरीला, नोकरी खराडीच्या आयटी कंपनीत, लग्नाला वर्ष झालेलं. आईची तक्रार एका दमात बाहेर पडली. "ताई, शेजारच्या काकू मी लग्न होऊन आले तेव्हापासून मोदक पाठवतात. नाताळला माझ्या करंज्या त्यांच्याकडे जातात. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत, आणि यानं भरलेलाच परत दिला!"

सुहास एका नव्या फेलोशिपला, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंडळाला, जायला लागला होता. तिथं टाळ-पेटीवरची भजनंसुद्धा 'जगिक' ठरली होती. (ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं आपण रविवारी कशावर म्हणतो, हे विचारायचा मोह मी आवरला.) त्याच्याकडे बायबलमधलं वचन तयार होतं. करिंथकरांस दुसरं पत्र, सहावा अध्याय : त्यांच्यामधून निघा व वेगळे व्हा.

मी त्याला करिंथच्या त्याच मंडळीला (चर्चला) लिहिलेलं पहिलं पत्र उघडायला लावलं. पाचव्या अध्यायात पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, जगातल्या लोकांशी संबंधच तोडायचा तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागेल. दहाव्यात तर थेट जेवणाचीच गोष्ट आहे. कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर खाऊ नका. म्हणजे नाही म्हणायची मुभा आहे, पण ती पंगतीला बसून.

मोदक खा, असं मी त्याला सांगितलं नाही. मनात खटका ठेवून खाल्लेलं पौलाच्या लेखी पापच आहे (रोमकरांस १४), आणि शेजारधर्मासाठी कुणाचा विवेक मोडायचा अधिकार समुपदेशकाला नसतो. आईला हे आवडलं नाही. मी एवढंच विचारलं, "मोदक सोडून तुझं वेगळेपण कुठं दिसतं?"

पार्टीत पीत नाही, रविवारी सकाळी टीमबरोबर सिंहगडाला जात नाही, एवढं सांगून तो थांबला. पुढच्या भेटीत त्यानंच विषय काढला. दर जानेवारीत कंपनीत टॅक्सची प्रूफं द्यायची असतात. राहतो आईच्या फ्लॅटमध्ये, आणि टॅक्स वाचवायला दिलेल्या भाडेपावत्या मामाच्या नावाच्या. मामाला भाडं कधीच दिलेलं नव्हतं. "सगळेच देतात, ताई," असं म्हणून तो हसला आणि मग गप्प झाला. रोमकरांस १२:२ त्याला पाठ होतं : या युगाबरोबर समरूप होऊ नका. मला काही बोलावं लागलं नाही.

माझा अनुभव असा, की ताटातलं वेगळेपण चटकन पाळता येतं कारण ते लोकांना दिसतं. पगाराच्या स्लिपमधलं कुणी बघत नाही. पुण्याला ताटाचं प्रकरण नवं नाही. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांवर ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण) उभं राहिलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा दार हिंदूंच्या बाजूनं लागलं होतं, या वेळी सुहासनं लावलं.

काकूंकडे तो एकटाच गेला. "नैवेद्याचं मी घेत नाही काकू, पण डबा तसा परत करायला नको होता." सोवळं-ओवळं पाहत वाढलेल्या काकूंना यात नवल वाटलं नाही. "मग तुमचे वेगळे काढते, नैवेद्याच्या ताटात न ठेवलेले," म्हणाल्या. आरतीला तो जात नाही, पण विसर्जनानंतर मांडव उतरवायला असतो.

खोट्या पावत्या त्यानं बंद केल्या. हातात येणारा पगार कमी झाला आणि घराचा हप्ता आहे तेवढाच आहे. बायकोला हे अजून पटलेलं नाही; त्यानं आधी तिला विचारायला हवं होतं, असं तिचं म्हणणं आहे, आणि ते खरंच आहे. पुढच्या भेटीला दोघांना एकत्र बोलावलं आहे.