लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी

अरे, स्टेबल डिफ्युजनवर (वर्णनावरून चित्र काढणारं एआय मॉडेल) चित्रं हळू निघतात म्हणतोस, पण त्याला सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड सुरुवातीला पुरतं. नवं घ्यायला इतक्यात लॅमिंग्टन रोडला धावू नकोस. आधी आहे त्यातली उधळपट्टी थांबव.

- मॉडेल फ्लोट१६ मध्ये, म्हणजे त्यातला प्रत्येक आकडा ३२ ऐवजी १६ बिटांत ठेवून, लोड कर. फ्लोट३२ च्या निम्म्या मेमरीत बसतं, चित्रातला फरक सहसा दिसतही नाही.
- स्टेप्स, म्हणजे नुसत्या नॉइजमधून (ठिपक्यांच्या गोंधळातून) चित्र साफ करत नेण्याच्या फेऱ्या, कमी कर. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, कारण प्रत्येक स्टेपला अख्खं यू-नेट (नॉइज ओळखणारं मॉडेलमधलं मुख्य नेटवर्क) पुन्हा चालतं. गाइडन्स (चित्राला तुझ्या वर्णनाकडे ओढणारी सेटिंग) चालू असेल तर दुप्पट काम. नवखे लोक शंभर स्टेप्स लावून चहाला जातात. डीपीएम प्लस प्लस सॅम्पलर (नॉइज कसा काढत जायचा ते ठरवणारी पद्धत) घे आणि २०-२५ वर थांब. त्यापुढे मला तरी फारसं काही हाती लागत नाही.
- स्टेबल डिफ्युजन १.५ ला ५१२ बाय ५१२ पिक्सेलवरच ठेव. आत प्रत्यक्ष काम ६४ बाय ६४ च्या लेटंटवर, म्हणजे चित्राच्या आटवलेल्या रूपावर, होतं. थेट १०२४ मागितलंस तर वेळ वाढतोच, वर एकाच माणसाला दोन डोकी फुटतात! मोठं हवं असेल तर नंतर अपस्केल कर.

आणि एकदम चार सेटिंग्ज बदलू नकोस. सीड (सुरुवातीचा नॉइज ठरवणारा आकडा) तोच ठेवून एकेक बदल, दरवेळी वेळ मोज. क्वांटायझेशन (आकडे आणखी कमी बिटांत ठेवणं), डिस्टिलेशन (मोठ्या मॉडेलवरून हलकं मॉडेल शिकवणं) सध्या राहू दे. तुझी दादरच्या फुलबाजाराची चित्रं एवढ्यावर काढ, मग किती सेकंद लागले ते कळव.