आधी पाय बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे तालमीला असलेला घोडा पहिल्याच रेसला चौथा आला, मालक पंधरवड्यात पुन्हा उतरवायचं म्हणतोय, आणि तू विचारतोस, हा डर्बीचा, म्हणजे सगळ्यात मानाच्या रेसचा, घोडा आहे का? अरे, आधी पाय बघ.

गेटमधून उशिरा सुटूनही जॉकीने चाबूक न उगारता तो पुढच्यांना गाठत होता. धावायची हौस त्याच्यात आहे, ती कुणाला शिकवता येत नाही. मला आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी चंदी, म्हणजे खुराक, न खाता टाकली, हे तू ताजा कलम म्हणून लिहितोस? तेच पहिल्या ओळीत हवं होतं!

उद्या पहाटे, कामाला काढण्याआधी, पागेत जा. पुढच्या पायाच्या नळीवरून, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडावरून, समोरच्या बाजूने अंगठा दाबत खाली ने. त्याने पाय झटकला किंवा हाताला गरम लागलं, तर पंधरवड्याचं नाव काढू नकोस. घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दारालाही विचार. रात्री घोडा कुठला पाय हलका ठेवतो, ते त्यालाच ठाऊक असतं.

१ जानेवारीला, इथल्या सगळ्या रेसच्या घोड्यांसारखाच, तो कागदावर एका वर्षाने वाढून तीन वर्षांचा होईल. जन्म मार्चचा, म्हणजे हाडं अजून कोवळीच. नुसता बांधून ठेव असंही नाही. नळी धावण्यानेच घट्ट होते, पण छोट्या, जोरकस धावांनी, मधे विसावा देऊन. आधी पाय बघ, मग धाव ठरव.

आणि घाई कशाची? २००० गिनीज ही डर्बीआधीची मोठी रेस पुढच्या डिसेंबरात, १६०० मीटरची. डर्बी त्यानंतरच्या फेब्रुवारीत, २४०० मीटरची. आज हजार मीटर पळालेल्याला तेवढा दम आहे की नाही, हे अख्ख्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आज कुणी सांगू शकणार नाही.

मालक चिडेल. एकाने याच कारणावरून माझ्याकडचा घोडा काढून दुसऱ्या तबेल्यात नेला. लोक मला भित्रा म्हणाले. तो घोडा तिकडे डर्बी जिंकला असता, तरी माझं म्हणणं बदललं नसतं. सकाळी नळी गरम लागलेला घोडा मी दुपारी गेटमध्ये घालत नाही. कधी घातला नाही, घालणारही नाही.

नळी थंड असेल आणि चंदी साफ होत असेल, तर फेब्रुवारीत बाराशेची रेस बघ. गरम असेल तर डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घे आणि पुण्याच्या पावसाळी हंगामापर्यंत थांब. मालकाला फोन तूच कर. आणि दोन्ही पायांचं वेगवेगळं कळव, उद्याच.

तुझा,
काका