बोटावरची चामखीळ लेझरने काढली तर परत येते का? नागपुरात आधी कुठे दाखवावं?

हो, येऊ शकते. चामखीळ एचपीव्ही विषाणूमुळे होते. कार्बन डायऑक्साइड लेझर वरची गाठ जाळतो, पण आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत विषाणू उरला असेल तर ती पुन्हा उगवते. म्हणून पहिल्यांदाच दिसलेल्या छोट्या चामखिळीसाठी थेट लेझर करू नका. आधी सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा द्रव नायट्रोजनने गोठवणं, हेच बहुतेक डॉक्टर सुचवतात. मधुमेह असेल तर अ‍ॅसिड स्वतःच्या मनाने अजिबात लावू नका, विशेषतः तळपायाला.

नखाजवळची, जुनी, औषधाला दाद न देणारी असेल तर लेझरबद्दल जरूर विचारा. भुलीचं इंजेक्शन देतात, काम काही मिनिटांत होतं, वर खपली धरते. छोटी जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. खपली नखाने काढू नका. आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग राहू शकतो आणि नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो आणखी गडद होतो, त्यामुळे घाई नसेल तर हिवाळ्यात करा.

आधी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा. ब्यूटी पार्लरमध्ये नकोच: रंग बदलणारी किंवा रक्त येणारी गाठ चामखीळ नसूही शकते.