नागपुरात जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट कुठे मिळतील? ओरिजिनल कशा ओळखायच्या?

तुम्ही लिहिलंय की परदेशातले लोक जुन्या वस्तूंच्या दुकानांतून आणि रविवारच्या बाजारांतून निन्टेन्डोच्या कॅसेट कवडीमोलाने उचलतात, त्यांचे व्हिडिओ बघून तुम्हालाही नाद लागलाय, नोकरीमुळे नुकतेच नागपुरात आला आहात आणि इथे तसं काही जमेल का, जमलं तर ओरिजिनल कशी ओळखायची, पुढे भाव येतो का, हे हवंय.

ओरिजिनलचं आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. ओरिजिनल मिळणार नाहीत. इथल्या भंगारात, माळ्यावर, दुरुस्तीवाल्याच्या खोक्यात जे आहे ते जवळजवळ सगळं नकली आहे. आणि माझं स्पष्ट मत आहे की नागपुरात राहून जमवायचं असेल तर तेच जमवावं.

असं का झालं ते थोडक्यात. निन्टेन्डोचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, जपानात १५ जुलै १९८३ ला आला. अमेरिकेत तोच १९८५ मध्ये एनईएस नावाने, वेगळ्या मोठ्या खोक्यात गेला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत जे टीव्हीला जोडलं गेलं ते या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. त्या फॅमिकॉमच्या नकला होत्या: मीडिया, लिटल मास्टर, मायक्रो जीनियस, टर्मिनेटर. खोकं प्रत्येकाचं वेगळं, पण पोटात सर्किट तेच, त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्यात बिनदिक्कत चालायची. अधिकृत माल अगदीच नव्हता असं नाही. निन्टेन्डोची स्पर्धक कंपनी सेगा, तिचं मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आलं होतं, पण आयात शुल्क ८० टक्के आणि यंत्राची किंमत १८,००० रुपये. तेवढ्यात घरात रंगीत टीव्ही यायचा. मग बापाने टीव्ही आणला आणि पोट्ट्यांना पिवळ्या कॅसेटवाली नक्कल आणून दिली. मेगा ड्राइव्हची कॅसेट कधी हाती लागली तर सोडू नका, पण तिच्या मागे फिरत बसू नका.

आता कुठे शोधायचं. इतवारी या नावाला भुलून रविवारी तिकडे जाऊ नका, तो सराफा, किराणा आणि कापडाचा ठोक बाजार आहे. आठवडी बाजारांत जुन्या सामानाचा ढीग लावून बसणारे असतात, त्यांच्याकडे चार्जर, रिमोट, टेलिफोनचे डबडे यांच्यामधून एखादी कॅसेट डोकावते, पण त्या भरवशावर राहिलात तर पाय दुखतील आणि हाताला काही लागणार नाही. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, मोदी नंबर एक, दोन, तीन अशा नावाच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे कनेक्टर, अडॅप्टर, वायर मिळेल. कॅसेट नाही.

खरी जागा म्हणजे मोहल्ल्यातला जुना टीव्ही दुरुस्तीवाला. महाल, पाचपावली, जरीपटका, नंदनवन, कुठेही असो, पण दुकानदार पन्नाशीच्या पुढचा हवा आणि दुकानात काचेच्या ट्यूबवाला एखादा टीव्ही अजून धूळ खात पडलेला हवा. लोक त्याच्याकडे 'गेम चालून नाही राहिला' म्हणून यंत्र टाकून गेले आणि परत न्यायला आलेच नाहीत. ते यंत्र, त्याचा रिमोट (म्हणजे हातात धरून खेळायचा कंट्रोलर), त्याच्यासोबतच्या दोन-तीन कॅसेट, सगळं एका खोक्यात तसंच पडून असतं. पहिल्याच दिवशी विचारलंत तर तो 'नाही बा' म्हणेल, कारण त्याला स्वतःलाच आठवत नाही. काहीतरी दुरुस्तीला न्या, बसा, चहा सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो स्वतःच स्टुलावर चढतो.

दुसरी जागा बदलीच्या नोकऱ्यांच्या वसाहतींजवळचे कबाडी. अजनीच्या रेल्वे क्वार्टर्स, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, वायुसेनानगर. बदली झाली की माणूस फ्रिज नेतो, पोरांची जुनी खेळणी नेत नाही. शिवाय या घरांमध्ये देशभर फिरून आलेला माल असतो, म्हणून इथे कधीकधी नागपुरात एरवी न दिसणारी कॅसेट निघते. तिसरं म्हणजे महालातले वाडे. एखादा वाडा पाडून फ्लॅट स्कीम उभी राहणार असं कळलं की आधीच्या आठवड्यात माळे रिकामे होतात.

मोसम विचाराल तर दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस. साफसफाईच्या झपाट्यात घरातल्या बाया 'घेऊन जा गे मारबत' (पोळ्यानंतरच्या मारबत मिरवणुकीतली, नको ते घेऊन जा अशी हाक) म्हणत सगळंच कबाड्याच्या गाडीवर टाकतात. तुमच्या गल्लीत जो गाडीवाला येतो त्याला आधीच फोन नंबर देऊन ठेवा.

कबाड्याशी बोलताना एक पथ्य पाळा. त्याच्यासमोर मोबाइल काढून भाव शोधू नका. तो प्लास्टिक किलोने घेतो, किलोनेच विकतो, आणि तुम्ही स्क्रीनवर बोट फिरवताना दिसलात की त्याच कॅसेटचे नग होतात. 'भैया, ये टीव्ही का गेमवाला सामान पूरा कितने में दे रहे?' असं ढिगाला हात घालून विचारायचं. सुटी एखादी मागितली तर तो शंभर-दीडशे सांगतो. यंत्र, वायर, तुटका रिमोट असा सगळा गाठोडा घेतला तर कॅसेट जवळजवळ फुकटात पडतात, आणि तुटक्या रिमोटचा कनेक्टर कामाला येतो तो वेगळाच.

हातात कॅसेट आली की काय बघायचं? खालची उघडी पट्टी. आपल्याकडच्या, म्हणजे फॅमिकॉम पद्धतीच्या कॅसेटला ६० पिना असतात, प्रत्येक बाजूला ३०. अमेरिकन एनईएसच्या कॅसेटला ७२ आणि ती आकाराने जवळजवळ दुप्पट उंच. व्हिडिओत तुम्ही जी करड्या रंगाची मोठी कॅसेट बघता ती हीच, आणि ती आपल्या यंत्रात अडॅप्टरशिवाय बसत नाही. ६० पिनांची जपानी ओरिजिनल निघालीच तर ओळखायला सोपी: छपाई नीट असते, मागे कंपनीचा मजकूर प्लास्टिकमध्येच उठावाचा असतो, आणि निन्टेन्डोच्या स्वतःच्या कॅसेटला स्क्रू नसतात, खोबणीत बसवलेल्या असतात.

नकली उघडून बघण्यातच खरी मजा आहे. माझ्याकडे काँट्रा या बंदूकबाजीच्या गेमची एक पिवळी कॅसेट आहे. वरच्या स्टिकरवर काँट्राचं नाव आणि खाली भलत्याच कुठल्यातरी सिनेमाच्या पोस्टरमधला बंदूकवाला. कोपऱ्यात बॉलपेनने '१४' आणि भाड्याने देणाऱ्या दुकानाचा अर्धा पुसलेला रबरी शिक्का. मागचा एकुलता स्क्रू काढला की आत हिरवी पट्टी दिसते, खोक्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि तिच्या मधोमध काळ्या डांबरासारखा एक गोळा. बाकी खोकं रिकामं. तो गोळा म्हणजे इपॉक्सी. त्याच्याखाली चिपचा उघडा तुकडा बारीक तारांनी थेट बोर्डाला जोडलेला असतो. स्वस्तात काम होतं, पण बिघडला की दुरुस्ती नाही. याउलट एखाद्या कॅसेटमध्ये पूर्ण रुंदीचा बोर्ड आणि पाय असलेल्या दोन-तीन आयसी, म्हणजे सुट्या चिपा, दिसल्या तर ती जुनी, बहुतेक गोळ्याचा जमाना येण्याआधीची. अशी कॅसेट मी स्टिकर फाटलेलं असलं तरी घेतो.

मग ती लावून बघायची. नकल करणारे पहिल्या स्क्रीनवरून कंपनीचं नाव आणि साल बरेचदा उडवत, त्यामुळे तिथे नुसती काळी जागा उरते. काँट्रात आणखी एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. जपानी काँट्रा फेब्रुवारी १९८८ मध्ये आला, त्यात तो बनवणाऱ्या कोनामी कंपनीची खास चिप होती. तिच्या जोरावर पहिल्या लेव्हलला झाडांची पानं हलतात, बर्फाच्या लेव्हलला बर्फ पडतो, आणि लेव्हल सुरू होण्याआधी नकाशा दिसतो. अमेरिकन आवृत्तीत ती चिप नाही, म्हणून हे काहीच नाही. तेव्हा तुमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये पानं हलत असतील तर ती जपानी काँट्राची नक्कल, स्थिर असतील तर अमेरिकनची. स्टिकर दोन्हींवर तेच. लहानपणी 'आमच्या काँट्रात बर्फ पडतो बे' म्हणणाऱ्याला आम्ही फेकाड्या ठरवायचो, तो बिचारा खरं बोलत असणार.

'९९९९९९९ इन १' वाल्या कॅसेटही गोळा करा, लोक त्यांना कचरा समजतात. आत खरे गेम मूठभर. बाकी आकडे म्हणजे तोच गेम वेगळ्या लेव्हलपासून किंवा जास्त लाइफ देऊन सुरू केलेला. गेम छोटे असल्यामुळे ते जमायचं. पहिला सुपर मारिओ सगळा मिळून ४० केबी आहे, १९८८ चा तिसरा मारिओ ३८४ केबी. म्हणून पहिला मारिओ जवळजवळ प्रत्येक इन-वनमध्ये असतो आणि तिसरा बहुतेक स्वतंत्र कॅसेटवर. पण या कॅसेटचे मेन्यू बघा. एकात समुद्रकिनारा आणि उडणारे पक्षी, दुसऱ्यात भलतंच. गेमची यादी इंग्रजी स्पेलिंगची वाट लावून लिहिलेली. हे मेन्यू बनवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत, आणि जपानी-अमेरिकन संग्रहांत ही वस्तू सहसा जपलेली नसते. भाड्याच्या दुकानाचा शिक्का, अदलाबदलीच्या काळात कुणीतरी पेनाने घातलेलं नाव, 'परत करणे' अशी चिठ्ठी, हे तर फक्त आपल्याकडेच सापडणार. स्टिकर खरवडून कॅसेट 'स्वच्छ' करणारे जमवणारे मी बघितलेत. हात जोडून सांगतो, तसं करू नका.

स्वच्छ करायची ती खालची पट्टी. मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते कापसाच्या काडीवर घेऊन हलक्या हाताने पुसा, वाळू द्या. सॅन्डपेपर लावायचा नाही, वरचा मुलामाच निघून जातो. आणि फुंकर मारायची सवय सोडा. फुंकरीने चालू व्हायची असं आपल्याला वाटायचं, पण चालू व्हायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतला ओलावा मात्र पिना खराब करतो.

यंत्राचा अडॅप्टर लावताना घाई नको. या नकलांना बहुधा ९ व्होल्ट डीसी लागतं, पण मधली पिन प्लस की मायनस हे खोक्यागणिक बदलतं. मागे छापलेलं चिन्ह बघा, पुसलेलं असेल तर दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो, तो ९ चे ५ व्होल्ट करतो आणि उरलेली वीज नुसती उष्णता म्हणून सोडतो. आपल्या मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असताना त्याची काय गत होत असेल ते ओळखा. उन्हाळ्यात खेळायचं तर कूलरच्या वाऱ्यात, आणि तासाभराने बंद. कॅसेट स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवू नका, तिथे उष्णतेने स्टिकरचा गोंद सुटतो. खालच्या कपाटात, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

भावाचं विचारलंत. नकली कॅसेटला परदेशी लिलावातल्यासारखा भाव येईल या आशेने घेऊ नका. एक तर माल चोरीच्या कॉपीचा, त्याचा धंदा करणं कायद्यानेही अडचणीचं. आणि हल्ली ऑनलाइन 'रेअर, व्हिंटेज' म्हणून ज्या पिवळ्या कॅसेट दोन-दोन हजारांना टाकलेल्या दिसतात, त्यातल्या कित्येक काल-परवा बनलेल्या नव्या असतात. प्लास्टिक चकचकीत, स्टिकरवर एक ओरखडा नाही, मग तीस वर्षांची कुठली?

शेवटचं, बदकं टिपायच्या डक हंट या गेमची बंदूक मिळाली तर. ती एलईडी टीव्हीवर चालणार नाही, कितीही नेम धरा. ट्रिगर दाबल्यावर स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. ही वेळ जुन्या ट्यूबच्या टीव्हीप्रमाणे बांधलेली आहे, नवे टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतात आणि सगळं चुकतं. तेव्हा त्याच दुरुस्तीवाल्याकडे चालू स्थितीतला १४ इंची किंवा २१ इंची ट्यूबवाला टीव्ही विचारून ठेवा, भंगाराच्या भावात देतो. २१ इंची घेणार असाल तर सोबत एक दणकट माणूस न्या, आणि तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे ते त्याला आधी सांगू नका.