पर्यावरण-चिंता मोजायला निघण्यापूर्वी

तरुणांमधली पर्यावरण-चिंता, म्हणजे पर्यावरणाच्या संकटाविषयी वाटणारी काळजी, आणि त्यांच्या पर्यावरणपूरक कृती यांचा संबंध तुम्हाला पाहणीतून तपासायचा आहे. त्यासाठी तुम्ही निवडलेली हॉग आणि सहकाऱ्यांची २०२१ ची १३ विधानांची मापनश्रेणी योग्यच आहे. मात्र ती मागील दोन आठवड्यांतली अस्वस्थता, डोक्यात घोळत राहणारे विचार, झोप-अभ्यासावरील परिणाम आणि स्वतःमुळे पर्यावरणाला होणाऱ्या हानीची काळजी वेगवेगळी मोजते, त्यामुळे केवळ एकत्रित बेरजेवर थांबू नका. सोबत जीएडी-७ ही सर्वसाधारण चिंता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली अवश्य भरून घ्या, नाहीतर परीक्षेची धास्तीही पर्यावरणाच्या खात्यावर जमा होईल.

माझ्या मते खरी कसोटी कृती मोजण्यात आहे. वसतिगृहात राहणारी, पासावर एसटीने ये-जा करणारी विद्यार्थिनी ‘मी खासगी वाहन टाळते’ या विधानापुढे ‘नेहमी’ अशी खूण करते, पण तिच्याकडे वाहनच नसते. म्हणून प्रत्येक सवयीबरोबर दुसरा पर्याय हाताशी होता का, हेही विचारा. आणि ग्रामसभेत प्रश्न मांडणे, प्रकल्पावर हरकत नोंदवणे अशा सार्वजनिक कृतींची नोंद स्वतंत्र ठेवा.

एकाच वेळच्या पाहणीत सहसंबंध आढळला, तरी चिंतेमुळे कृती घडली असे लिहू नका, कारण चळवळीत उतरल्यावर चिंता वाढलेलीही असू शकते. शक्य झाल्यास सहा महिन्यांनी त्याच तरुणांना पुन्हा गाठा. ज्यांचे चिंतेचे गुण फार चढे येतील त्यांच्यासाठी समुपदेशकाची सोय मात्र प्रश्नावली वाटण्याआधीच करून ठेवा.