बारावीतील मुलीचा प्रायोगिक लघुपट आणि पुढचे शिक्षण

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि मुलीने केलेला १४ मिनिटांचा लघुपट, दोन्ही मिळाले. बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलीने सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत मंगळवेढ्याजवळच्या शिवारात मोबाईलवर हा लघुपट चित्रित केला. पंधरा वर्षांचा एक मुलगा एसटीतून भलत्याच फाट्यावर उतरतो आणि आजोळ शोधत ज्वारीच्या रानातून चालत राहतो, एवढेच त्याचे कथानक आहे. तो शेवटी पोहोचतो की नाही तेच कळत नाही, पाहुणेमंडळी हसतात, आणि मुलगी मात्र सीईटी सोडून मुंबईला काही लाख रुपये फीचा एक वर्षाचा डिप्लोमा करायचा हट्ट धरून बसली आहे. तिला खरोखरच गती आहे की हे नुसते वेड आहे, असे आपण विचारले आहे.

मुलगा पोहोचतो की नाही, हा प्रश्न या लघुपटाला विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक गावाच्या वेशीवर तेच कडुनिंबाचे झाड उभे असते आणि त्याखाली बसलेली तीच म्हातारी दर वेळी निराळी दिशा दाखवते, तेव्हा दिग्दर्शिकेला गोष्ट पुढे न्यायची नसून स्वप्नात होते तशी वाट हरवलेली दाखवायची आहे, हे उघड आहे. दोष अर्थातच आहेत. फाट्यावरचे संवाद पुस्तकी झाले आहेत. चालण्याची दृश्ये नेहमीच्या वेगाने टिपून मागाहून संथ केल्यामुळे चित्र अडखळते. सेकंदाला ५० चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रीकरण करून ते २५ चौकटींनी दाखवले असते, तर तीच चाल निम्म्या वेगाने, पण सलग दिसली असती. या गोष्टी शिकता येतात.

परंतु नवव्या मिनिटाला मुलगा विहिरीत डोकावतो ते दृश्य आपण पुन्हा एकदा, शक्यतो हेडफोन लावून पाहावे. तेथे पाण्याचा आवाज नाही. खालून यंत्रमागाची खटखट ऐकू येते, आणि पुढच्या दृश्यात ती वाऱ्यावर घासणाऱ्या ज्वारीच्या पानांच्या सळसळीत अशी मिसळते की एक आवाज कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. हा योगायोग म्हणावा, तर सुरुवातीला एसटी निघून जाताना तीच खटखट अगदी हलकी ठेवलेली आहे. आपण टॉवेलच्या कारखान्यात काम करता आणि घराला लागूनच माग चालतात, असे पत्रात लिहिले आहे. जो आवाज आपल्याला आता जाणवतही नसेल, तो तिने हेरून नेमक्या जागी वापरला. माझ्या मते तिची गती दिग्दर्शनापेक्षा ध्वनी आणि संकलन (एडिटिंग) या अंगांत अधिक आहे. सिनेमा म्हटला की घरोघरी नट आणि दिग्दर्शकच आठवतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

या दोन्ही विषयांचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झालेल्या संस्थेत, आहेत. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही ते शिकवले जातात. दोन्हीकडे पदवीनंतरच आणि प्रवेश परीक्षा देऊनच जाता येते, त्यामुळे पदवीची वर्षे वाया जाणार, ही तिची भीती निराधार आहे. जेऊरच्या नागराज मंजुळे यांचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात जो तो देतो. त्यांनी आधी मराठी विषयात एम. ए. केले होते, हे मात्र कोणी सांगत नाही.

सीईटी तिने द्यावी, कारण अभ्यास झालेलाच आहे. भौतिकशास्त्र तिला मनापासून आवडत असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा भौतिकशास्त्रातील पदवी ध्वनीच्या कामात पुढे उपयोगी पडेल. आवडत नसेल, तर केवळ आपल्या समाधानासाठी तिला इंजिनिअरिंगला घालू नये, तिने साहित्याची पदवी घेतली तरी चालेल. झेपत असेल तर ही पदवी पुण्यात घ्यावी. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि दरवर्षी भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तेथे असल्याने, एरवी पाहायला न मिळणारे चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याची तिची सोय होईल.

मुंबईच्या डिप्लोमासाठी आत्ता कर्ज काढू नये, असेच मी सांगेन. तरीही तिचा आग्रह राहिला, तर प्रत्यक्ष स्टुडिओत किती तास काम करायला मिळते, मागील तुकडीतील मुले आज कोठे काम करतात आणि मध्येच सोडल्यास फी परत मिळते का, हे तिने स्वतः विचारून लेखी आणावे. या क्षेत्रात सुरुवातीची काही वर्षे सहायकाची असतात आणि मिळकत कामागणिक होते, दरमहा ठरलेला पगार क्वचितच असतो, याची कल्पना आपल्या दोघांनाही असावी.

नवा कॅमेरा घेऊन द्यावा का, असेही आपण शेवटी विचारले आहे. कॅमेरा नको, मोबाईल पुरेसा आहे. बारावीची परीक्षा आटोपल्यावर हातात धरता येईल असा छोटा ध्वनिमुद्रक आणि बरा हेडफोन घेऊन द्यावा, आणि पाळी बदलताना माग बंद होतात तेव्हाचा आवाज टिपायला एकदा तिला आपल्याबरोबर कारखान्यात न्यावे. मालकांची परवानगी तेवढी आधी काढून ठेवावी.