बस चुकवण्यासाठी पगार मोजायचा का?

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मुलगी बारा वर्षांची, एप्रिलपासून सातवीत जाईल. शाळा बायपासवर आहे; सकाळी ६.४० ची बस आणि घरी यायला तीन वाजतात. संध्याकाळी अभय प्रशाल क्रीडासंकुलात टेबल टेनिस. ती दमते, चिडचिड करते. शाळेचा वर्षाचा खर्च १,२४,००० (शिकवणी शुल्क ७८,०००, इतर शुल्क ९,०००, बस २६,०००, पुस्तकं-गणवेश ११,०००). एक ऑनलाइन शाळा तीन वर्षांचे १,८०,००० सांगते, ७,५०० चे २४ हप्ते, बिनव्याजी. एकरकमी भरले तर १,५८,०००. एकाच वर्षाचे घेतले तर ६६,००० अधिक जीएसटी. मी सियागंजात एका पेढीवर हिशेब लिहिते, २२,००० मिळतात. सकाळी घरी थांबायचं तर अर्धवेळ, म्हणजे १२,००० वर यावं लागेल. वर्षाला ६४,००० वाचतील, त्याची एसआयपी करावी असं मनात आहे. योग्य आहे का?

उत्तर : ताई, तुम्ही रोज दुसऱ्यांचे हिशेब लिहिता, म्हणून आधी आकडेच घेऊ. ६४,००० च्या बचतीत दोन खाती लिहायची राहिली आहेत.

पहिलं, घरात शाळा मांडण्याचा खर्च. एका वर्षाच्या दराने ६६,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ११,८८०, झाले ७७,८८०. तासन्‌तासाचे वर्ग मोबाईलवर होत नाहीत. ३८,००० चा लॅपटॉप चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ९,५००. घरचं ब्रॉडबँड बंद पडलं तर आधाराला दुसऱ्या कंपनीचं सिम, महिना ३००, वर्षाचे ३,६००. प्रिंटरची शाई, कागद आणि दुरुस्ती यांचे ६,०००, पुस्तकांचे ४,०००. एकूण १,००,९८०. म्हणजे खरी बचत २३,०२०. गणिताची शिकवणी लावावी लागली, तर तीही बहुतेक संपली.

दुसरं खातं तुमच्या पगाराचं. महिना १०,००० कमी, वर्षाला १,२०,०००. त्यातून २३,००० वजा केले तरी घराला दरसाल सुमारे ९७,००० चा खड्डा पडतो. तीन वर्षांच्या योजनेचा ६०,००० चा दर धरला तरी ७९,००० चा तोटा उरतोच. एसआयपीला पैसे येणार कुठून? शिवाय सियागंजातली पूर्णवेळची जागा दोन वर्षांनी तुमच्यासाठी मोकळी असेल, हे कोण सांगणार.

आता त्या बिलाकडे नीट बघा. शाळेच्या फीवर जीएसटी लागत नाही. शिकवणी वर्गांवर १८ टक्के लागतो. जो १८ टक्के लावतो, तो करखात्यापुढे स्वतःला शाळा म्हणवत नाही, जाहिरातीत काहीही छापलेलं असो. म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा : तुमचा यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) काय, कुठल्या बोर्डाची संलग्नता आणि तिचा क्रमांक काय, आणि टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) कोण देणार. सीबीएसई म्हणाले तर तो क्रमांक बोर्डाच्या सरस पोर्टलवर स्वतः तपासा. काही जण दूरच्या एखाद्या संलग्न शाळेत नाव घालून देतो म्हणतात. त्याला डमी प्रवेश म्हणतात. बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट आहे, आणि तपासणीत सापडलं तर अडचण मुलीची होते.

माझी सगळ्यात मोठी हरकत मात्र योजनेच्या लांबीला आहे. तीन वर्षं म्हणजे सातवी, आठवी, नववी. सीबीएसईत नववी-दहावी हा एकच दोन वर्षांचा अभ्यासक्रम; नोंदणी नववीत होते आणि नववी संलग्न शाळेतून केलेली नसेल तर दहावीत थेट घेत नाहीत. आठवीपर्यंत नियमित शाळेत परतणं तुलनेनं सोपं असतं. तुमची योजना परतीचं दार लागल्यावर संपते! ऑनलाइनच करायचं ठरलं, तर एकेका वर्षाचे पैसे भरा आणि आठवीनंतरच्या एप्रिलला नव्यानं ठरवा. नव्या शाळेची प्रवेश फी, गणवेश आणि मागे राहिलेल्या विषयांची शिकवणी यासाठी ४०,००० ची मुदत ठेव आजच वेगळी काढा.

टीसी घेतली की यूडायसवर मुलीचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत जातं आणि पुढची शाळा तिच्या पेन क्रमांकावरून (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) ते उचलते. ऑनलाइन कंपनीकडे यूडायस क्रमांक नसेल तर नाव तिथेच लोंबकळत राहतं. पेन क्रमांक, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) आणि मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका टीसी मागण्याआधीच फाईलला लावून ठेवा.

हप्ते बिनव्याजी नाहीत. रोखीत १,५८,००० आणि हप्त्यांत १,८०,०००. हा २२,००० चा फरक म्हणजे वर्षाला सुमारे १३ टक्के व्याज. हे वैयक्तिक कर्ज असतं. वित्त कंपनी सगळी रक्कम एका दिवसात ऑनलाइन शाळेला देते आणि कर्ज राहतं तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावावर. शिक्षक बदलले, वर्ग बंद पडले, मुलगी दोन महिन्यांत कंटाळली, तरी बँकेतून हप्ता जातच राहतो. तो थांबवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत बिघडते. सही करण्याआधी मुख्य तथ्य पत्रक मागा. त्यात वार्षिक दर लिहावाच लागतो. डिजिटल कर्जाला माघार घेण्याचा छोटा काळ असतो. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तो किती दिवसांचा आहे, हे करारात शोधा.

प्राप्तिकराचं एका ओळीत : नव्या करप्रणालीत असाल तर शिकवणी शुल्काची वजावट नाहीच, आणि जुनीत असाल तर मिस्टरांचा पीएफ व घरकर्जाची मुद्दल यांतच वजावटीची दीड लाखांची मर्यादा भरली आहे का ते आधी बघा.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा जाणवलं, की त्यात अभ्यासाबद्दल एकही तक्रार नाही. जे काही आहे ते ६.४० चं आणि तीनचं. मग सायकलच्या अंतरातली शाळा का नको? अन्नपूर्णा रोडच्या बाजूला चौकशी करा. समजा फी आणि इतर शुल्क मिळून ५८,०००, पुस्तकं-गणवेश १०,०००; बस नाही. वर्षाचे ६८,०००. पहिल्या वर्षी प्रवेशाचे १५,००० जास्त धरले तरी ४१,००० वाचतात, पुढे दरसाल ५६,०००. ही बचत तुमच्या मूळ अंदाजाच्या बरीच जवळ आहे, आणि पगार शाबूत. दुसऱ्या वर्षापासून महिना ४,५०० पाच वर्षं घातले आणि १० टक्के परतावा धरला (हमी कुणीच देत नाही), तर २,७०,००० चे साधारण ३,४८,००० होतात. पाच वर्षांसाठी सगळं शेअरबाजारात नको, शेअर आणि रोखे दोन्हींत पैसे घालणारा हायब्रिड फंड बरा. सुकन्या खातं उघडायला दहा वर्षांची अट आहे, ती वेळ गेली.

टेबल टेनिसपुरता आणखी एक मुद्दा. शालेय क्रीडा स्पर्धांत शाळेमार्फतच उतरता येतं. ऑनलाइन गेल्यावर संघटनेच्या स्पर्धा उरतील, पण शालेय स्पर्धांची वाट बंद होईल. प्रशिक्षकांना हे आधी विचारा.

तरी ऑनलाइनचा मोह सुटत नसेल तर टीसी न घेता चाचणी करा. आपल्याकडे सत्र एप्रिलला सुरू होतं आणि मे महिना सुट्टीचा. एप्रिलच्या तिमाहीचं शिकवणी शुल्क, १९,५००, भरून जागा राखा. सुट्टीत कंपनीची महिनाभराची योजना घ्या, आणि तुम्ही रजेवर असाल असे आठ-दहा दिवस एक वही करा. सकाळी ९ ते १ मध्ये मुलीनं "आई" म्हणून हाक मारली, की वेळ आणि कारण लिहायचं : आवाज येत नाही, पान स्कॅन कर, हे गणित कळलं नाही, मॅडम कॅमेरा चालू करा म्हणतात. शेवटच्या चार दिवसांतही रोज आठ-दहा हाका येत असतील, तर तुमची अर्धवेळ नोकरीसुद्धा टिकणार नाही आणि १२,००० चा आकडा शून्यावर येईल. दोन-तीनच असतील तर मुलगी स्वतःचं स्वतः करू शकते, आणि मग या पर्यायाचा पुन्हा विचार करता येईल.

दहावी मुक्त विद्यालयातून करायची म्हटली तर एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) वयाची १४ पूर्ण लागतात. किमान पाच विषय, वर्षातून दोन सार्वजनिक परीक्षा, नोंदणी पाच वर्षं वैध, नऊ संधी, आणि २० टक्के गुण घरी लिहायच्या स्वाध्यायांचे. पाच विषयांची फी तुमच्या शाळेच्या एका महिन्याच्या शिकवणी शुल्काएवढीही नसते, म्हणून नोंदणी करून देण्याचे हजारो रुपये कुणाला देऊ नका. पोर्टलवर स्वतः भरा आणि मोबाईल नंबर स्वतःचाच टाका. एजंटाचा नंबर टाकलेला असला, की प्रवेशपत्राच्या वेळी ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुम्ही त्याच्या मागे फिरता.

विक्रेत्याचा फोन येईलच, बहुधा "आज रात्रीपर्यंतच सवलत" म्हणून. त्याला एका वर्षाचं कोटेशन जीएसटी क्रमांकासह आणि परताव्याचे नियम ईमेलवर पाठवायला सांगा, आणि ते येईपर्यंत बँकेच्या ऑटो-डेबिटच्या फॉर्मवर सही करू नका.